पुस्तक हाती घेऊन लंकेच्या बेटावर

बेटावर सुट्टी घालवणे ही आपल्या वस्तीतल्या माणसाला सिनेमातली गोष्ट वाटते. निळा समुद्र, नारळाची झाडे आणि आरामखुर्चीत पहुडलेला कोणी धनिक! आपली सुट्टी म्हणजे गावची लग्नसराई, एखादे बारसे, फार तर दीक्षाभूमीची किंवा चैत्यभूमीची गर्दीतली ये-जा. त्यात वावगे काहीच नाही. पण चार पैसे गाठीला बांधून, मुलाबाळांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन समुद्रापलीकडचा देश पाहावा, तो आपल्या मनाप्रमाणे पाहावा, ही इच्छा आपणही धरू शकतो. त्यासाठी मोठा पगार लागतो असे नाही. थोडी शिल्लक लागते, बरीच तयारी लागते आणि एक चांगले मार्गदर्शक पुस्तक लागते. ज्याला सगळे ‘गाईडबुक’ म्हणतात, ते.

कल्याणच्या आमच्या वसाहतीतील चार कुटुंबे, लहानमोठी मिळून अकरा माणसे, मे २०२४ मध्ये अशा पुस्तकाच्या आधारे श्रीलंकेला जाऊन आलो. त्यात एक सत्तरी ओलांडलेल्या आजी, एक गवंडीकाम करणारे काका, पालिकेच्या रुग्णालयात आयाचे काम करणाऱ्या वहिनी, दोन कॉलेजची मुले आणि शाळेत जाणारी तीन लेकरे होती. बाकीचे आमच्यासारखे कचेरीतले कारकून. पैसा दोन वर्षांच्या भिशीतून उभा केला. हा अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे मांडीत आहोत.

आधी आम्ही एका यात्रा कंपनीकडे चौकशीला गेलो होतो. त्यांच्या पाच रात्रींच्या सहलीत चहाचे मळे होते, मसाल्याची बाग होती, रत्नांच्या दुकानाला भेट होती, दक्षिणेचा समुद्रकिनारा होता. अनुराधापूर मात्र नव्हते. आजींना जायचे होते ते नेमके तेथेच, बोधिवृक्षापाशी. तसे सांगितल्यावर उत्तर मिळाले, “तिकडे काय आहे? सगळी पडझड. लोकांना आवडत नाही.” त्या ‘लोकांत’ आपण धरलेलेच नाही, हे आमच्या ध्यानात आले. मग ठरले की आपली वाट आपणच आखायची.

पुस्तकाची मोठी परंपरा

प्रवासाचे पुस्तक ही क्षुल्लक वस्तू नव्हे. चिनी भिक्खू फाहियान पाचव्या शतकाच्या आरंभी भारतातून जहाजाने लंकेत गेला, तेथे दोन वर्षे राहिला, ग्रंथ मिळवले आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. अनुराधापूरच्या अभयगिरी विहारात बुद्धमूर्तीपुढे कोणी व्यापाऱ्याने वाहिलेला आपल्या देशातला पांढरा रेशमी पंखा पाहून त्याला मायदेशाच्या आठवणीने रडू आले, हेही त्याने लपवले नाही. पुढे सातव्या शतकात ह्यूएन त्संगाने भारतातल्या स्थळांचे असेच वर्णन केले. भारतात बुद्धाच्या खुणा मातीखाली गेल्या, नावेसुद्धा पुसली गेली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमने या दोन प्रवाशांची वर्णने हाती घेऊन, अंतर आणि दिशा ताडून पाहत, श्रावस्तीसारखी स्थळे पुन्हा ओळखली. दोन प्रवाशांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवले म्हणून शेकडो वर्षांनी हरवलेला ठेवा सापडला.

आजच्या गाईडबुकांचा उगम मात्र वेगळा आहे. १८३६ पासून लंडनच्या जॉन मरे यांनी प्रवासाच्या हातपुस्तकांची माला काढली, ती त्या काळच्या सुखवस्तू इंग्रज प्रवाशासाठी. कमी पैशात फिरणाऱ्यांसाठी पुस्तके पुष्कळ नंतर आली. १९७३ मध्ये टोनी व मॉरीन व्हीलर या जोडप्याने स्वस्तात आशिया कसा ओलांडावा यावर छोटे पुस्तक काढले आणि त्यातून ‘लोनली प्लॅनेट’ उभे राहिले. तरीही या पुस्तकांच्या लेखकासमोर उभा असलेला वाचक बहुधा पाश्चात्त्य असतो. त्याला काय आवडेल, कशाचा त्रास होईल, हे धरून ती लिहिलेली असतात. त्यामुळे ती वाचताना आपले प्रश्न आपण आणायचे. पुस्तक माहिती देते. हेतू आपला असावा लागतो.

रविवारची वाचने

आमच्याकडे दोन पुस्तके होती. एक फोर्टातील फुटपाथवरून घेतलेली १९९० च्या दशकातली जुनी आवृत्ती, आणि एक ग्रंथालयातून आणलेली अलीकडची. दोन्ही इंग्रजीत. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारातच तासभर बैठक बसे. कॉलेजातली मुलगी एक-एक पान वाचून मराठीत सांगे, आणि ज्याला जे विचारायचे ते तो विचारी. काका विचारीत, “चालायचं किती?” वहिनी विचारीत, “बायकांची सोय कशी?” आजींचा एकच प्रश्न, “झाडापाशी बसू देतात का गं?” पुस्तकात बसण्याविषयी काही लिहिलेले नव्हते. पण मंदिरे कधी उघडतात, चप्पल-टोपी कोठे काढायची, खांदे व गुडघे झाकलेले हवेत, हे सारे होते.

आम्ही दोनशे पानी वहीत चार रकाने आखले. ऋतू, अंतर, वेळ आणि नियम. वर्णनाची गोड भाषा सोडून दिली आणि या चार गोष्टीच उतरवून घेतल्या. हिशेबाच्या वहीत जशी नोंद पक्की असावी लागते, तशीच ही.

पहिला रकाना, ऋतू. मुलांना सुट्टी मे महिन्यातच. पुस्तकाची पहिली पाने सांगत होती की श्रीलंकेला डिसेंबर ते मार्च जावे. आमच्यातल्या काहींचा धीर तेथेच सुटला. पण पुढचे पान नीट वाचल्यावर उलगडा झाला. हे बेट महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे, तरी तेथे दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस कोलंबो, गाल व डोंगराळ भागाला झोडपतो. त्या वेळी उत्तर-मध्य आणि पूर्व भाग कोरडा असतो. तिकडचा मोठा पाऊस वर्षाच्या अखेरीस, ईशान्येकडून येतो. म्हणजे डिसेंबर ते मार्च हा काळ दक्षिणेच्या किनाऱ्यासाठी चांगला. आम्हाला जायचे होते अनुराधापूर, पोलोन्नरुवा आणि पूर्वेच्या त्रिंकोमालीला, आणि त्या बाजूचा समुद्र मे महिन्यात शांत असतो. पुस्तकाचा सर्वसाधारण सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता, पण त्यातली माहिती पुरेपूर उपयोगाची होती.

दुसरी गोष्ट याहून मोठी. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. तिला ‘पोया’ म्हणतात. पुस्तकात याबद्दल सावधगिरीची सूचना होती. पोयाच्या दिवशी दारू मिळत नाही, बरीच दुकाने बंद असतात, गाड्यांना गर्दी होते, राहायला जागा मिळत नाही, तेव्हा बेत जपून आखा. वैशाख पौर्णिमेला, म्हणजे वेसाकला तर सुट्टी दोन दिवसांची. ज्या दिवसापासून पुस्तक इतरांना सावध करीत होते, तोच दिवस गाठण्यासाठी आम्ही निघालो होतो! २०२४ ची वैशाख पौर्णिमा २३ मे रोजी होती. सूचनेतला ‘जागा मिळत नाही’ एवढा भाग मात्र आम्ही गंभीरपणे घेतला आणि तीन महिने आधी अनुराधापूरला एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये चार खोल्या सांगून ठेवल्या.

छापील अक्षर आणि आजची खबर

पुस्तक छापले की ते म्हातारे होऊ लागते. आमच्या जुन्या आवृत्तीत लिहिले होते की जाफन्याकडे जाता येत नाही. ते त्या काळी खरे होते. यादवी युद्धामुळे १९९० मध्ये तिकडची रेल्वे बंद पडली. युद्ध २००९ मध्ये संपले आणि २०१४ मध्ये गाडी पुन्हा जाफन्याला पोहोचली. नव्या आवृत्तीत कोलंबोहून अनुराधापूरला थेट रेल्वेने जावे असे होते. चौकशी केली तेव्हा कळले की रुळांच्या दुरुस्तीमुळे अनुराधापूरच्या अलीकडचा मार्गच तेव्हा बंद आहे. म्हणून बसचा बेत केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दितवा चक्रीवादळाने श्रीलंकेत शेकडो माणसे दगावली, कँडी व डोंगराळ भागात दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वे विस्कळीत झाली. हे कोणत्या छापील पुस्तकाला आधी ठाऊक असणार?

म्हणून नियम असा करावा. इतिहास, अंतर, ऋतू आणि रीतिरिवाज पुस्तकातून घ्यावेत. भाडे, वेळापत्रक आणि व्हिसा यांची निघण्यापूर्वी पुन्हा खात्री करावी. व्हिसाचे नियम तर वरचेवर बदलतात.

पासपोर्टची तयारीही लवकर करावी. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेत तिसरेच, असा प्रकार आपल्या घरोघरी असतो. ती नावे जुळवण्यातच महिने जातात. आजींच्या कागदपत्रांसाठी आम्ही सर्वांत आधी धावपळ केली, त्यामुळे शेवटी घाई झाली नाही.

लहान अक्षरातली एक ओळ आमचे बरेच पैसे वाचवून गेली. प्राचीन स्थळांच्या तिकिटाचा परदेशी माणसाचा दर फार असतो, पण सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी सवलत मिळते. खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो. अकरा माणसांच्या हिशेबात ही रक्कम मोठी होते. वाचकांनी पासपोर्ट गेस्ट हाऊसवर ठेवून जाऊ नये.

आणखी एक सूचना आमच्यातल्या तरुण मुलासाठी फार मोलाची ठरली. त्याने हौसेने आणि श्रद्धेने हातावर बुद्धाचा चेहरा गोंदवून घेतला आहे. आपल्याकडे असे अनेक तरुण आहेत. श्रीलंकेत मात्र अंगावर बुद्धाचे चित्र गोंदवणे हा अवमान मानतात. २०१४ मध्ये एका ब्रिटिश पर्यटक महिलेला याच कारणावरून विमानतळावर अटक करून परत पाठवले होते. मुलाने सगळ्या प्रवासात लांब बाह्यांचे शर्ट घातले. तसेच मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हेही मुलांना आधीच बजावले. तेथील मंडळी फोटोला हरकत घेत नाहीत, आपण मूर्तीकडे तोंड करून उभे राहावे एवढेच म्हणतात.

वेसाकच्या दिवशी अनुराधापूर

२० मेला कल्याणचे मतदान होते. मत देऊन, बोटावरची शाई घेऊन दुसऱ्या दिवशी निघालो. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या आसपास. आपल्या एका रुपयाला तेव्हा साडेतीनच्या आसपास श्रीलंकन रुपये मिळत होते, त्यामुळे मुलांना क्षणभर श्रीमंत झाल्यासारखे वाटले. पहिली चहाची किंमत ऐकल्यावर ते वाटणे ओसरले.

२२ तारखेला बसने अनुराधापूर. बसमध्ये पुढची जागा भिक्खूंसाठी राखीव असते, हे पुस्तकात वाचलेले होते. त्यामुळे आजींना सावरत आम्ही आपोआप मागे सरकलो. कंडक्टरने ते पाहिले आणि आजींना खिडकीपाशी बसवून दिले. वाटभर रस्त्याच्या कडेला रंगीत कागदाचे आकाशकंदील टांगलेले. आपल्याकडचे कंदील जसे बांबूच्या काड्यांचे, तसेच हे. ठिकठिकाणी ‘दान्सल’ म्हणजे फुकट अन्नदानाचे मांडव. लोक हात करून बस थांबवतात आणि आग्रहाने भात, बिस्किटे, सरबत देतात. कोण, कोठला, कोणत्या धर्माचा, काही विचारीत नाहीत. सहा डिसेंबरला दादरच्या रस्त्यांवर अन्नवाटप करणारे आपले लोक आम्हाला आठवले.

पौर्णिमेच्या पहाटे आम्ही सर्वजण पांढरे कपडे घालून जय श्री महाबोधीकडे निघालो. पुस्तकाने मोज्यांविषयी सुचवले होते, ते आम्ही बरोबर घेतले होते. दुपारी दगडी फरशी तापते आणि अनवाणी चालवत नाही, तेव्हा त्या साध्या मोज्यांनी आजींचे पाय वाचवले.

सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली, त्यातून हा वृक्ष वाढला असे परंपरा सांगते. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदवून ठेवलेल्या वृक्षांत हा सर्वांत जुना मानतात. म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले आहेत. झाडापाशी बसू देतात का, या आजींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तेथे मिळाले. खालच्या वाळूत हजारो माणसे बसलेली होती. आजीही बसल्या.

त्यांच्या शेजारी त्यांच्याच वयाची एक लंकेतली बाई होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आजींना इंग्रजी येत नाही, त्या बाईला हिंदी येत नव्हती. मग ध्वनिक्षेपकावर त्रिसरण-पंचशील सुरू झाले. चाल निराळी, पण शब्द तेच पाली. आजींनी डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली. ती बाई थबकून पाहू लागली, मग तिनेही हात जोडून आवाज मिळवला. शेवटी “साधु, साधु, साधु” दोघी एकदमच म्हणाल्या. त्या बाईने आपल्या हातातली निळी कमळे अर्धी वाटून आजींना दिली. आमच्यातल्या पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी वस्तीवस्तीत, कंदिलाच्या उजेडात हे शब्द पाठ केले. तीच भाषा समुद्रापलीकडे आपल्या ओळखीची खूण ठरली.

अनुराधापुरात प्रत्येकाला आपापले काही सापडले. गवंडीकाका जेतवनाराम स्तूपापाशी रमले. राजा महासेनाच्या काळात सुरू झालेला हा स्तूप मुळात सुमारे १२२ मीटर उंच होता. इजिप्तचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर प्राचीन जगात एवढी उंच वास्तू नव्हती, आणि त्याला नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असा अंदाज आहे. काका पडक्या कडेची वीट वितीने मोजीत होते, सांधा बोटाने चाचपत होते. “राजाचं नाव राहिलं, पण सांधा बघा कसा भरलाय,” एवढेच ते म्हणाले. ज्या हातांनी त्या विटा रचल्या त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. काकांनी मात्र ते हात ओळखले.

दुसऱ्या दिवशी मिहिंतलेला गेलो. महेंद्र थेरांनी राजा देवानंपिय तिस्साला येथेच पहिला उपदेश केला असे मानतात. १८४० पायऱ्या आहेत. पण पुस्तकात लिहिले होते की वाहनाने वरच्या वाहनतळापर्यंत गेल्यास निम्म्याहून अधिक चढण वाचते. आजी वर पोहोचल्या त्या या एका ओळीमुळे. पायथ्याशी हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. तेथे माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी डोणी आहे. औषधी काढ्यात रोग्याला झोपवण्यासाठी ती वापरीत. आयाचे काम करणाऱ्या वहिनी तेथून हलेनात. “इथंसुद्धा आमच्यासारख्या बाया असतीलच की रात्रपाळीला,” त्या म्हणाल्या.

समुद्रही आपलाच

तीर्थस्थळे पाहायची आणि मौज करायची नाही, असे आम्ही मुळीच ठरवले नव्हते. मुलांना समुद्र हवा होता. २५ तारखेला त्रिंकोमालीकडे गेलो आणि जवळच्या निलावेलीच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढले. पाणी स्वच्छ, लाटा लहान, किनारा उथळ. आमच्यातल्या बायकांनी साड्या खोचून पाण्यात जो धुडगूस घातला, तो मुलेही पाहत राहिली. कामाच्या चक्रात वीस वर्षे गेलेली माणसे दुपारी नारळाच्या सावलीत निवांत झोपली. शहाळ्याची केशरी जात असते, तिला तेथे ‘तांबिली’ म्हणतात. ती पिऊन पोट गार होते. जेवणात भात, पाच-सहा तऱ्हेच्या भाज्या-आमट्या आणि नारळाचा तिखट चुरा. मांसमच्छी न खाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. साध्या भाजीतही पुष्कळदा सुक्या माशाची भुकटी असते. आधी विचारून घ्यावे.

पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दांच्या यादीतून मुलांनी सिंहली शब्द पाठ केले होते. भाताला ‘बत’, दाताला ‘दत’, गावाला ‘गम’. सिंहली भाषा मराठीच्याच कुळातली, म्हणून कान लावला की ओळख पटते. ‘आयुबोवन’ म्हणत मुलांनी दुकानदारांकडून बरीच फुकटची चिक्की मिळवली. त्रिंकोमालीत मात्र तमिळ बोलणारे पुष्कळ. तेथे ‘वणक्कम’ म्हणावे, हेही त्याच यादीने शिकवले.

त्रिंकोमालीजवळ वेल्गम विहार म्हणून एक प्राचीन विहार आहे. पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी. चोळ राजवटीत या विहाराला राजराजाच्या नावाने ओळखले जाई आणि तेथे तमिळ भाषेतले दानलेख आहेत. म्हणजे त्या काळी तमिळ बोलणारी माणसे बुद्धविहाराला दान देत होती. ज्या देशात सिंहली आणि तमिळ यांच्यात इतकी वर्षे रक्त सांडले, तेथे हे शिलालेख शांतपणे उभे आहेत. धम्म कोणा एका भाषेची मालमत्ता नव्हे, हे दगडावर लिहिलेले आम्ही वाचून आलो.

परतीच्या वाटेवर पोलोन्नरुवाच्या गल विहारातली सुमारे चौदा मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आणि दांबुल्लाची पाच लेणी पाहिली. यासाठी दोन दिवस एक व्हॅन भाड्याने घेतली. अकरा माणसांत भाडे विभागले की ते जड जात नाही. सिगिरियाच्या कड्यावर बाराशेच्या आसपास पायऱ्या चढून तरुण मंडळी गेली. आम्ही खाली तळ्याकाठी बसलो. सगळ्यांनी सगळे पाहिलेच पाहिजे, असा पुस्तकाचा आग्रह असला तरी आपला नसावा.

समासातली नोंद

शेवटचा मुक्काम कँडी. दंतधातूच्या मंदिरात पहाटे, सकाळी आणि संध्याकाळी पूजा होते, त्याच वेळी आतला दरवाजा उघडतो. ही वेळ पुस्तकात पाहून गेल्याने ताटकळावे लागले नाही. त्या मंदिराबद्दल पुस्तकात आठ पाने होती. पण मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब या बेटावर, याच कँडीत आले होते, ही गोष्ट एकाही पानावर नव्हती. कायदेमंत्री असताना, धर्मांतराच्या सहा वर्षे आधी, एक बौद्ध देश कसा जगतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आम्हीही मे महिन्याच्याच अखेरीस तेथे होतो. आमच्यातल्या मुलीने तलावाच्या कठड्यावर बसून स्वतःच्या जुन्या पुस्तकाच्या समासात ही नोंद पेन्सिलीने लिहिली.

दुसरी एक नोंदही लिहावी लागली. कँडीचे मल्वत्त आणि असगिरिय हे दोन मोठे विहार सियाम निकायाचे. १७५३ मध्ये सयामहून आलेल्या भिक्खूंनी लंकेत पुन्हा उपसंपदा सुरू केली, पण थोड्याच वर्षांत ती गोविगम या वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीपुरती राखली गेली. ज्यांना दार बंद झाले त्यांनी ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घेतली आणि १८०३ मध्ये परत येऊन अमरपुर निकाय उभा केला. पुस्तकात एका चौकटीत याचा ओझरता उल्लेख होता. तो वाचला होता म्हणून आम्हाला प्रश्न विचारता आला. आमच्या गेस्ट हाऊसचे मालक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी काही लपवले नाही. समोरचे रविवारचे वर्तमानपत्र उघडून लग्नाच्या जाहिराती दाखवल्या. त्यांत जातींची नावे होती.

आमच्यातल्या काहींना वाईट वाटले. पण आम्हाला वाटते, हेही पाहिले ते बरे झाले. श्रद्धेने जावे आणि डोळे उघडे ठेवून यावे. जात कोणत्या दाराने शिरते हे ज्याला ठाऊक आहे, तोच आपले दार राखू शकतो. ज्यांना नाकारले गेले त्यांनी दूर समुद्रापार जाऊन स्वतःचा संघ उभा केला, ही हकीकत आमच्या मुलांना फार आवडली.

वाचकांना विनंती

प्रवास म्हणजे उधळपट्टी, असे आपल्याकडे अजून मानतात. पण तयारी करून केलेल्या प्रवासाने काय होते, ते आम्ही पाहिले. इंग्रजीला भिणारी मुलगी पुस्तक वाचून दाखवता दाखवता अकरा माणसांची वाटाडी झाली. खिडकीवर पासपोर्ट ठेवून सवलत मागताना काकांचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. माहिती हाती असली की माणूस ताठ उभा राहतो.

ज्यांना जावेसे वाटते त्यांनी एवढे करावे. आधी एक वही घ्या आणि ऋतू, अंतर, वेळ, नियम असे चार रकाने आखा. पुस्तक शक्य तर ग्रंथालयातून आणा आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती आहे ते पाहा. ते एकट्याने वाचू नका. विहारात, चाळीच्या गच्चीवर, चार घरे मिळून वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की त्यांना काय पाहायचे आहे, आणि बेत तेथून सुरू करा. परत आल्यावर पुस्तकात जे नव्हते ते समासात लिहा.

ते समासातले पुस्तक आता आमच्या विहाराच्या कपाटात ठेवले आहे. पुढच्या मे महिन्यासाठी शेजारच्या वसाहतीतली तीन कुटुंबे ते मागून घेऊन गेली आहेत.